विलीज जीप: ब्रीदर, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि मॅनिफोल्डवरचा हरवलेला व्हॉल्व्ह

माणदेशी_जीप

मंडळी, गाडी १९४४ची विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप. डिस्पोजलमध्ये निघालेली, मधली बरीच वर्षं एका मळ्यात पाण्याची टाकी ओढत होती. पत्राकाम, रंग, बॉनेटवरचा तारा सगळं झालंय, फोटो आधीच्या धाग्यात आहेत. आता इंजिनाकडे वळलोय आणि तिथे अडलोय.

लक्षणं अशी. गार असताना बरी चालते. गरम झाली की आयडलिंगला टिकत नाही, रेस सोडली की गचके देत बंद पडते. ऑइल भरायच्या नळीतून धूर येतो आणि बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कव्हर) रोज सकाळी ऑइलचं थारोळं. गावातल्या दोन्ही गॅरेजवाल्यांचं एकच मत: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवा. पण कॉम्प्रेशन घेतलं तर चारही सिलिंडर ९० ते १०० पौंडांच्या दरम्यान, एकमेकांपासून फार लांब नाहीत.

बारकाईने पाहिलं तेव्हा सिलिंडरांना पेट्रोल-हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर मधोमध पितळेचा प्लग ठोकलेला दिसला. टॅपेट कव्हरमधून निघणाऱ्या नळीला रबरी पाइप जोडून तो चॅसीखाली लोंबकळत सोडलाय. एअर क्लीनरकडून ऑइलच्या नळीला यायला हवा तो पाइपच नाही, त्या तोंडात चिंधी कोंबलेली. म्हणजे मूळचं काहीतरी काढून टाकलंय हे कळतंय. तिथे नक्की काय होतं, आणि ते परत बसवून मला काय मिळेल?

अपशिंगेकर_ईएमई

पाटील असाल, पवार असाल, जे कोणी असाल, रिंगांना हात लावू नका. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, नोकरीत असताना अशा धूर सोडणाऱ्या जीपा वर्कशॉपला यायच्या आणि त्यातल्या कित्येक इंजिन न उघडताच परत जायच्या.

तुमच्या मॅनिफोल्डवर त्या प्लगच्या जागी क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या पोटाचा, व्हेंटिलेटर व्हॉल्व्ह होता. हवेचा रस्ता असा: एअर क्लीनरमधून गाळलेली हवा ऑइल भरायच्या नळीत, तिथून खाली क्रँककेसमध्ये, तिथून वर टॅपेट चेंबरमध्ये, मग नळीने व्हॉल्व्हपर्यंत आणि व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये. रिंगांमधून थोडा गॅस खाली सुटतोच, नव्या इंजिनातही सुटतो. त्यात पाण्याची वाफ असते, अर्धवट जळलेलं पेट्रोल असतं. इंजिन स्वतःच्या व्हॅक्यूमने ते ओढून घेतं आणि जाळून टाकतं. रस्ता बंद झाला की दाब पोटात साठतो आणि सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. एमबीला मागच्या मेन बेअरिंगला दोरीचं सील असतं, ते दाबापुढे पहिलं हार मानतं. तुमचं थारोळं तिथलंच.

व्हॉल्व्हच्या आत एक प्लंजर आणि स्प्रिंग, बस्स. आयडलिंगला व्हॅक्यूम जोरात असतो, तो प्लंजरला ओढून धरतो आणि वाट बारीक होते. रेस दिली की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंग प्लंजरला मागे ढकलते, वाट मोठी होते. गॅसही नेमका त्याच वेळी जास्त सुटत असतो. कार्ब्युरेटरमधून बॅकफायर आला तर तोच प्लंजर तोंड बंद करतो, ज्वाला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. काजळीने प्लंजर उघडा अडकला तर आयडलिंगला जादा हवा शिरते आणि गाडी गचके देते. बंद अडकला तर दाब आणि ऑइलगळती. लोक मग कार्ब्युरेटर पिळत बसतात.

आता काम सांगतो. तो प्लग काढा, त्याच जागी व्हॅक्यूम गेज लावा, इंजिन गरम करा आणि काटा काय करतो ते इथे लिहा. आकडा आणि काट्याची चाल, दोन्ही. व्हॉल्व्ह नंतर शोधू.

बुलेट_आणि_जीप

काका, एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे सगळ्यांच्या जीपांचा ब्रीदर पाइप खालीच सोडलेला असतो. प्लग मारा, पाइप जरा लांब करा, विषय संपला. इंजिनाला घाण पाजण्यापेक्षा बाहेर गेलेली बरी.

खोचक_पाना

माणदेशी, या हिशेबाने जाल तर शेवटी एक नवी थार येईल आणि वर एसीही मिळेल. 😀 बाकी चालू द्या, वाचनखूण साठवली आहे.

अपशिंगेकर_ईएमई

बुलेट, तुमचा उपाय युद्धाआधीच्या मोटारींचा आहे. त्यांना खाली सोडलेली नळीच असायची, गाडी पळते तेव्हा वाऱ्याच्या झोताने नळीच्या तोंडाशी ओढ तयार व्हायची. ४०-५०च्या वेगाने हमरस्त्यावर जाणाऱ्या गाडीला ते चालतं. जीप लो गिअरमध्ये चिखलातून, ताफ्यात, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून वापरायची गाडी. उभ्या गाडीला कुठला वारा? शिवाय ओढ्यात उतरलात तर तीच नळी पाणी आत घेणार, आणि उन्हाळ्यात धूळ. म्हणून लष्कराच्या गाड्यांना १९४०च्या दशकातच हे बंदिस्त वायुवीजन आलं. अमेरिकेतल्या साध्या मोटारींना ते धुराच्या कायद्यांमुळे १९६०च्या दशकात मिळालं.

‘घाण पाजणं’ म्हणाल तर ती घाण ऑइलमध्ये राहिली तर जास्त वाईट. इंजिनाच्या तळाच्या ऑइल संपमधून काळं लोणी काढलंय मी चमच्याने.

उद्यमनगर_टर्नर

कोल्हापुरातनं बोलतोय. माणदेशी दादा, प्लग काढाय आधी हे वाचा, नाहीतर मॅनिफोल्ड हातात येईल.

गाडी अमेरिकन, तिच्या पाइपाचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतंय ते सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं. एक सुती, म्हणजे १/८ च्या मापात बीएसपीला इंचात २८ आटे, एनपीटीला २७. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. दिसायला सख्खे भाऊ. हातानं एक-दोन फेरे छान जातंय, मग जाम. तिथं गडी पाना लावतोय, पान्याला पाइप लावतोय, आणि बिडाचा बॉस, म्हणजे आटे पाडलेला जाड उंचवटा, तडकतोय. १/४ ला १९ आणि १८, तिथंबी तीच कथा. अर्ध्या इंचाला तर अजून मजा: दोन्हीला १४च आटे, फिटिंग पार आत जातंय, कोन वेगळा म्हणून हवा गळतीय आणि कुणाला शंकाबी येत नाही.

तुमचा पितळी प्लग ‘ठोकलेला’ हाय म्हणताय. बीएसपीचाच असणार, त्यानं मूळ आटे खाल्लेले असणार. मॅनिफोल्ड उतरवा, गाडीवर करू नका, चुरा आत पडतोय. बॉसभोवती हळूहळू सगळीकडनं गरम करा, एका जागी ज्योत धरू नका. मग प्लगला मेण लावा, वितळून आट्यात उतरंल. गार झाल्यावर पुढंमागं करत काढा. आत एनपीटीचे आटे पाडायचा टॅप नुसता फिरवून आटे साफ करा. टॅप तिरका निमुळता असतोय, खोल घालू नका, नाहीतर फिटिंग बुडंपर्यंत जाऊनबी सैल राहील. आटे अगदीच गेले असतील तर बॉस बोअर करून पितळी बुश बसवून आतनं नवे आटे पाडता येतात, पण भिंत किती उरतीय ते आधी बघा.

सीलिंगला टेफ्लॉन टेप नको. टेपचं तुसं निघून थेट त्या प्लंजरवर बसतंय. आपले जुने लोक सफेदा आणि सूत वापरायचे, इथं तेबी नको, सूत आत सुटतंय. आट्याचे पुढचे दोन फेरे कोरडे सोडून बाकीच्याला पातळ पेस्ट, इतकंच.

नळी तांब्याची करू नका. वाकवायला सोपी म्हणून सगळे तांबं घेतात. इंजिन थरथरतंय, तांबं कडक होत जातंय आणि नटाच्या मागं गोल चीर पडतीय. चीर नटाखाली असती, दिसत नाही, व्हॅक्यूम मात्र खाऊन टाकतीय. ब्रेकच्या नळीची पोलादी सीमलेस घ्या. टोकाला दुहेरी फ्लेअर मारा, म्हणजे तोंड फुलवून दुमडा, एकेरी पोलादाला फाटतोय. फ्लेअरचा कोन ४५ अंश, जुन्या नटाची बैठक बघून जुळवा. नट जुनेच ठेवा, पितळेचे असतील तर सोन्यासारखे जपा.

माणदेशी_जीप

टर्नर भाऊ, तुमचं ऐकून मॅनिफोल्ड उतरवला. प्लग खरंच बीएसपीचा निघाला. वरचे आटे गेलेत पण खालचे शाबूत आहेत, टॅप फिरवल्यावर एनपीटी फिटिंग धरतंय.

काका, मॅनिफोल्ड परत चढवून गेज लावलं. गरम इंजिन, आयडलिंगला काटा पाऱ्याच्या १२ इंचांवर. थरथरत नाही, शांत उभा आहे, पण १२च. रेस देऊन सोडली तर वर जातो आणि परत १२ला येऊन बसतो.

अपशिंगेकर_ईएमई

काटा शांत आहे ही चांगली बातमी. सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक तालात खाली आपटला असता. व्हॉल्व्हचे गाइड झिजले असते तर आयडलिंगला फडफडला असता आणि रेस दिल्यावर स्थिर झाला असता. स्प्रिंगा मेल्या असत्या तर उलट, रेस दिल्यावर फडफड. डावी-उजवीकडे संथ डुलत असता तर मिक्स्चर. शांत आणि खाली याचे दोनच मोठे अर्थ: ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय किंवा कुठून तरी चोरून हवा शिरतेय.

आकड्याबद्दल एक सांगून ठेवतो, कारण पुस्तकातले १७ ते २१ इंच वाचून लोक घाबरतात. ते समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा. सातारा साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे अडीच इंच तिथेच गेले. तुमच्याकडे १५-१६ शांत मिळाले तर खूश राहा. तीच गाडी पाचगणीला नेली तर आणखी दोनेक इंच पडतील, आणि त्यात गाडीचा काही दोष नाही.

आता टायमिंग लाइटने टायमिंग बघून घ्या. ते बरोबर असेल तर ऑइलची कुपी घेऊन मॅनिफोल्डच्या प्रत्येक सांध्यावर थेंब थेंब सोडा. जिथे ऑइल आत ओढलं जाईल तिथे इंजिनाचा आवाज बदलेल, काटा उचलेल, मागून निळा धूर येईल. पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका. त्या इंजिनात इनटेकला चिकटून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे आणि तो लाल नसला तरी पेटवायला पुरेसा तापलेला असतो. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, सजावटीचा नव्हे, भरलेला.

मांडवीकाठ

माझी सीजे-३बी आहे, महिंद्राची, हाय-हूड. विलीजचीच वंशज, पण इंजिन एफ-१३४, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये. अवांतर वाटेल पण लिहितो, कारण मलाही ‘रिंगा गेल्या’ हेच ऐकवलं होतं.

माझ्या गाडीला व्हॅक्यूमचा वायपर आहे. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवरच वायपर चालवला तर घाट चढताना नेमका भर पावसात तो अर्ध्यावर थबकतो, कारण पाय दाबला की व्हॅक्यूम संपतो. म्हणून या गाड्यांना दुहेरी काम करणारा फ्युएल पंप दिलेला असायचा. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला वायपरसाठी व्हॅक्यूम तयार करणारा दुसरा डायफ्रॅम. हा दुसरा डायफ्रॅम फाटला की पेट्रोलचा पुरवठा नीट चालू राहतो, त्यामुळे पंपावर कोणी संशय घेत नाही. पण मॅनिफोल्ड त्या भोकातून क्रँककेसमधलं ऑइलच ओढायला लागतो. निळा धूर, प्लग ओले, ऑइल कमी. रिंगांची सगळी लक्षणं. खात्री करायला पंपाकडून मॅनिफोल्डला जाणारी नळी सोडायची, दोन्ही तोंडं बंद करायची आणि गाडी चालवून बघायची. धूर थांबला तर पंप. नळीच्या आत बोट घातलं तर ऑइलने माखून येतं, ती खूणही पुरेशी आहे.

नवा डायफ्रॅम घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा आहे का विचारा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या साठ्यातले ‘ओरिजिनल’ डायफ्रॅम त्यात फुगतात. इकडे खारी हवा आहे म्हणून नळ्यांना आतून तेलाचा हात देऊन ठेवतो.

आयंडहोवनची_ताई

नेदरलँड्समधून नमस्कार. आमच्या क्लबात डच सैन्याच्या नेकाफ जीपा पुष्कळ, म्हणजे एम३८ए१, रॉटरडॅमला १९५५पासून जोडल्या गेलेल्या. एमबीच्या पुढची पिढी, २४ व्होल्टची आणि खोल पाण्यातून जायची तयारी असलेली. हा धागा वाचून शेजारच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्याच, गॅरेजमधून हाक मारली.

त्या गाडीत वायुवीजनाचं जाळं पाहण्यासारखं आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पेट्रोलची टाकी, जिथे जिथे हवा आत-बाहेर होते तिथून नळी काढून वर आणलेली, जेणेकरून पाण्याखाली कुठलंच नाक उघडं राहू नये. डॅशबोर्डवर एक मूठ असते. पाण्यात उतरण्याआधी ती ओढायची, म्हणजे क्रँककेसचं वायुवीजन बंद होतं. मग काकांनी सांगितलेला तोच गॅस, जो एरवी ऑइल गळवतो, तो इथे मुद्दाम पोटात साठू देतात, आतला दाब पाण्याला बाहेर रोखून धरतो. पलीकडे निघालात की मूठ परत आत. आता गंमत अशी की गाड्या विकत घेणाऱ्यांना ती मूठ कशाची हेच माहीत नसतं, काहींची केबल गंजून ओढलेल्या स्थितीतच अडकलेली असते, आणि बिचारे सील बदलत राहतात. असली गाडी आली की आम्ही आधी ती मूठ बघतो.

दुसरी नळी लोक हमखास विसरतात ती डिस्ट्रिब्युटरची. तो पाण्यासाठी पूर्ण बंद केलेला डबा आहे. आत ठिणग्या उडतात, त्यातून ओझोन होतो, आणि कोंडलेला ओझोन व दमट हवा मिळून कॉन्टॅक्ट पॉइंट आणि शाफ्ट खाऊन टाकतात. म्हणून त्याला दोन नळ्या, एकीतून एअर क्लीनरची कोरडी हवा आत, दुसरीतून मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम ती ओढून घेतो. या नळ्या बंद केल्या तर गाडीच्या चालण्यात त्या दिवशी काडीचा फरक पडत नाही, म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. पुढच्या हिवाळ्यात कॅप उघडली की हिरवं-पांढरं शेवाळ.

माणदेशी, तुमच्या एमबीत यातलं काही नाही, तुमचं सुटसुटीत आहे. पण इतर कोणी एम३८ घेऊन या धाग्यावर आला तर उपयोगी पडेल.

माणदेशी_जीप

अहवाल. टायमिंग बरोबर होतं. ऑइलची कुपी घेऊन मागच्या सिलिंडरच्या सांध्याशी गेलो तर काट्याने उडीच मारली आणि मागे धुराचा लोट. मॅनिफोल्ड परत उतरवून फ्लॅंजवर सरळ पट्टी धरली, मागच्या टोकाला पट्टीखालून पातळ फीलर गेज आरामात जात होता. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना घट्ट बांधूनच घासायला दिले, सातारच्या लेथवाल्याला हे दोनदा सांगावं लागलं. नवं पॅकिंग. आता काटा १६ला शांत.

व्हॉल्व्ह एका मित्राच्या जुन्या भंगार इंजिनावर मिळाला, मूळचाच. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवल्यावर दोन भाग सुटले. आत काजळी इतकी होती की प्लंजर आहे हेही कळत नव्हतं. साफ केल्यावर हलवला की खुळखुळतो. पोलादी नळी वाकवली, एअर क्लीनरकडचा पाइप नवा केला, टॅपेट कव्हरचं कॉर्कचं पॅकिंगही बदललं. मॅनिफोल्ड निघालेला होता म्हणून हात गेला, एरवी त्याच्याखालचं ते कव्हर म्हणजे शिक्षा.

आता एअर क्लीनरचा पाइप सोडून ऑइलच्या नळीच्या तोंडावर कागदाचा कपटा धरला तर तो चिकटून बसतो. आयडलिंग टिकतंय. बेल हाउसिंगखाली अजून एखादा थेंब दिसतो.

दोन प्रश्न. पुढेमागे हा व्हॉल्व्ह गेला तर मारुतीचा पीसीव्ही, म्हणजे आजच्या गाड्यांतला असाच व्हॉल्व्ह, बसवला तर चालेल का? आणि नळ्यांना रंग कोणता?

खोचक_पाना

थारोळ्याचा थेंब झाला. थारची ऑर्डर रद्द करतो.

उद्यमनगर_टर्नर

मारुतीचा तोंडाला बसवायला अडॅप्टर करून देईन, त्यात काय नाही. पण तो वेगळ्या इंजिनाच्या हिशेबानं किती हवा सोडायची ते ठरवून केलेला असतोय. बसवून आयडलिंगला काटा बघा, व्हॉल्व्हची नळी चिमटीत धरून परत बघा. फरक थोडा पडला तर ठीक, इंजिन एकदम सावरलं तर तो जास्त हवा सोडतोय. माझं मत विचाराल तर मूळचाच जपा, झिजलेला प्लंजर मी पितळेत नवा काढून देतो. नमुना घेऊन या.

अपशिंगेकर_ईएमई

रंगाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या, इथे सुरू झालं तर संपणार नाही. इतकंच सांगतो की हीच जीप युद्धात फोर्डनेही बनवली, विलीजची इंजिनं हिरवट आणि फोर्डची राखाडी असायची, आणि फोर्ड आपल्या बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ मारायचा. युद्धात सहा लाखांहून जास्त जीपा झाल्या, दोन्ही कंपन्यांचे भाग वर्कशॉपमध्ये सर्रास मिसळायचे. तुमच्या गाडीवर दोन्ही सापडले तर ती जास्तच खरी समजा.

उरलेल्या थेंबासाठी ऑइलच्या नळीचं झाकण बघा. एमबीत डिपस्टिक त्या झाकणालाच जोडलेली असते आणि झाकणाखाली पॅकिंग असतं, ते बहुतेक गाड्यांत गायब. त्याशिवाय गाळलेल्या हवेबरोबर न गाळलेली धूळही आत जाते. पॅकिंग घाला, एअर क्लीनरच्या वाटीत ऑइल खुणेपर्यंत भरा, आणि सीलला महिनाभर चालू द्या. दोरीचं सील कोरडं पडलेलं असेल तर ऑइलात भिजून थोडं फुगतं. त्यानंतरही थेंब राहिला तर राहू दे. ऑइल बदलाल तेव्हा दर वेळी व्हॉल्व्ह काढून रॉकेलमध्ये धुवा, आणि तो खुळखुळतो ना एवढं बघा.